अस्थि-अर्बुदांची वाढ, त्यांचा प्रक्षेप आणि सूक्ष्म आरएनए

अस्थींमध्येच उगम पावणारा कर्करोग हा विरळ रोग होय. सर्व प्रकारच्या कर्करोगांत त्याचा वाटा शेकडा एकाहूनही कमी भरतो. त्यांपैकी ऑस्टिओसार्कोमा, म्हणजेच अस्थि-मांसकर्क, हा किशोरवयात आढळणारा प्रमुख प्रकार असून निरनिराळ्या देशांतील नोंदींवरून त्याचे प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे तीन ते चार इतके येते. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार होती. हेच प्रमाण येथे लावून पाहिल्यास साऱ्या जिल्ह्यात वर्षाकाठी नऊ ते बारा नवे रुग्ण, आणि अंजनगाव सुर्जीसारख्या पन्नास-साठ हजार वस्तीच्या गावात पाच-सहा वर्षांतून एखादाच रुग्ण, असा हिशेब निघतो. हिशेब अर्थातच ढोबळ आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष ढोबळ नाही. अशा गावी तीस वर्षे व्यवसाय केलेल्या डॉक्टरापुढे हा रोग पाच-सहा वेळांहून अधिक आलेला नसतो. उलट कबड्डीत लागलेला गुडघा, शेतात मुरगळलेला पाय, वाढत्या वयातील हाडांचे दुखणे ही त्याच्यापुढे रोज येतात. त्या शेकडो गुडघ्यांतून एक गुडघा वेगळा ओळखावयाचा, ही या रोगाची पहिली अडचण होय.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना विड्याच्या पानांच्या व पानपिंपरीच्या मळ्यांमुळे परिचित आहे. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्याचे स्थान अंतरांनी ठरते. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अंजनगावावरून जाणारी अरुंद मापाची ‘शकुंतला’ आता बंद पडली आहे. आजारी मनुष्य मोटारीने अकोल्यास किंवा अमरावतीस, तेथून नागपुरास अथवा मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोहोचतो. त्यापूर्वी बहुधा मालीश झालेली असते, हाडवैद्याचा लेप झालेला असतो आणि कधी कधी पायाला घट्ट पट्टाही बांधलेला असतो. ज्या अर्बुदाच्या पेशी रक्तमार्गाने फुप्फुसात जाऊन रुजतात त्याच्या बाबतीत हे आठवडे निरर्थक जात नाहीत, ही गोष्ट पुढील विवेचन वाचताना ध्यानात ठेवावी.

ऑस्टिओसार्कोमा बहुधा लांब अस्थींच्या टोकाजवळ, जेथे वाढ सर्वांत वेगाने चालू असते अशा भागी निर्माण होतो. मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीचे वरचे टोक आणि दंडाच्या हाडाचे वरचे टोक ही त्याची नेहमीची स्थाने. वयाच्या दुसऱ्या दशकात, म्हणजे उंची झपाट्याने वाढत असताना, त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची खूण एकच: कर्कपेशी स्वतःच कच्चे अस्थिद्रव्य निर्माण करीत असतात. म्हणजे या पेशी अस्थिजनक पेशींच्या मार्गाला लागलेल्या असतात, परंतु मार्गाच्या शेवटास पोहोचलेल्या नसतात. प्रौढ अस्थिपेशी विभाजन थांबवून आपल्या खनिजाच्या कोंदणात स्थिर होते. ही पेशी थोडे अस्थिद्रव्य निर्माण करते आणि विभाजनही चालू ठेवते. पक्वता आणि वाढ यांची फारकत हे या रोगाचे मर्म म्हणता येईल, आणि सूक्ष्म आरएनएंचा संबंध नेमका याच ठिकाणी येतो.

उपचारांच्या इतिहासातील एक प्रयोग येथे सांगितलाच पाहिजे, कारण त्यामुळे ‘प्रक्षेप’ या शब्दाचा अर्थ आकड्यांत उमगतो. केवळ शस्त्रक्रिया करून अवयव काढून टाकला तर रोग संपतो काय, हा प्रश्न अमेरिकेत १९८० नंतरच्या काळात पद्धतशीरपणे तपासला गेला. ज्यांच्या छातीच्या तपासणीत कोणताही दोष दिसत नव्हता अशाच रुग्णांची निवड करून काहींना शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचार दिला व काहींना दिला नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रसायनोपचार न मिळालेल्यांपैकी दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेले शेकडा १७ होते, तर मिळालेल्यांत हेच प्रमाण शेकडा ६६ होते. याचा अर्थ असा की, ज्यांची फुप्फुसे निर्मळ दिसत होती त्यांच्यापैकीही शेकडा ऐंशीहून अधिक जणांच्या शरीरात निदानाच्या दिवशीच कर्कपेशी दूरवर जाऊन बसलेल्या होत्या. पाय कापून टाकणे हा त्यांच्यावर उपाय नव्हता. आज रोग एका जागी सीमित असलेल्या रुग्णांपैकी सुमारे शेकडा ६० ते ७० पाच वर्षांनंतर जिवंत असतात. फुप्फुसात प्रक्षेप उघड दिसत असल्यास हे प्रमाण शेकडा २० ते ३० वर येते. खेदाची गोष्ट ही की, हे आकडे गेल्या तीन-चार दशकांत फारसे हललेले नाहीत. औषधेही बव्हंशी तीच आहेत. म्हणूनच रोगाच्या मुळाशी असलेल्या नियंत्रणव्यवस्थेकडे संशोधकांचे लक्ष वळले.

सूक्ष्म आरएनए म्हणजे काय?

पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये साठविलेली माहिती संदेशवाहक आरएनएच्या रूपाने पेशीद्रवात येते आणि तेथे तिच्यावरून प्रथिन तयार होते, हा क्रम विद्यार्थ्यांस परिचित आहे. या क्रमात संदेश निघाल्यानंतर आणि प्रथिन तयार होण्यापूर्वी एक तपासनाका असतो, हे मात्र १९९३ पर्यंत कोणाच्या ध्यानात आलेले नव्हते. त्या वर्षी व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रुवकुन यांच्या प्रयोगशाळांनी, सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीत, लिन-४ नावाचे जनुक प्रथिन मुळीच निर्माण करीत नाही, तर अवघ्या २२ घटकांचा एक आरएनए तुकडा निर्माण करते, आणि हा तुकडा लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशास चिकटून त्याचे प्रथिन होऊ देत नाही, असे दाखविले. सात वर्षे हा शोध कृमींपुरताच एक चमत्कार मानला गेला. २००० साली लेट-७ हा असाच दुसरा तुकडा सापडला, आणि तो कृमीपासून मनुष्यापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आढळतो असे दिसून आल्यावर या विषयाचे स्वरूपच पालटले. ॲम्ब्रोस व रुवकुन यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. लिन-४ काय किंवा लेट-७ काय, दोन्ही जनुके कृमीच्या वाढीची वेळ ठरविणारी होती. ती बिघडली की कृमी बाल्यावस्थेतील पेशीविभाजने पुनःपुन्हा करीत राहतो आणि प्रौढत्वास पोहोचत नाही. वरील परिच्छेदात ऑस्टिओसार्कोमाच्या पेशीचे जे वर्णन आले आहे त्याच्याशी या वर्णनाचे साम्य पाहावे. कर्करोग हा वाढीच्या वेळापत्रकाचा रोग आहे, ही कल्पना जुनी आहे; सूक्ष्म आरएनएंनी तिला रेणूंच्या पातळीवरील आधार मिळवून दिला.

या रेणूंची घडण संक्षेपाने अशी. प्रथम केंद्रकात एक लांब आरएनए तयार होतो व तो स्वतःवरच दुमडून केसाच्या आकड्यासारखा आकार घेतो. ड्रोशा नावाचे विकर त्यातून सुमारे ७० घटकांचा आकडा कापून काढते. एक्स्पोर्टिन-५ हे प्रथिन तो आकडा पेशीद्रवात नेऊन पोहोचविते. तेथे डायसर हे दुसरे विकर त्याची टोकाची गाठ छाटते आणि सुमारे २२ घटकांची दुपदरी जोडी शिल्लक राहते. त्यांपैकी एक पदर आर्गोनॉट या प्रथिनात बसविला जातो. हा पदर मार्गदर्शकाचे काम करतो. संदेशवाहक आरएनएच्या शेपटीकडील भागात त्याला जुळणारा क्रम आढळला की तो संदेश दाबला जातो किंवा नष्ट होतो. जुळणी पूर्ण लांबीची लागत नाही. मार्गदर्शकाच्या दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे घटक जुळले तरी पुष्कळदा पुरे होते. या सात घटकांस ‘बीज’ म्हणतात. बीज इतके आखूड असल्यामुळे एकच सूक्ष्म आरएनए शेकडो संदेशांवर अंमल चालवू शकतो, आणि एकाच संदेशावर अनेकांचा अंमल असू शकतो. मनुष्याच्या प्रथिननिर्मात्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुके या अंमलाखाली येतात.

अंमल या शब्दाने गैरसमज होऊ नये. एका सूक्ष्म आरएनएचा एका प्रथिनावरील परिणाम बहुधा माफकच असतो. प्रथिनाचे प्रमाण निम्म्यावर आणणे हीही मोठी कामगिरी समजावी. तो दिवा विझवीत नाही, वात खाली करतो. परंतु एकाच कामाशी संबंधित असलेल्या पाच-पन्नास दिव्यांच्या वाती एकाच वेळी खाली केल्या की घरातील उजेड बदलतो. सूक्ष्म आरएनएचे बळ एकेका परिणामाच्या तीव्रतेत शोधू नये. अनेक परिणामांच्या एकदिशेत ते असते, आणि त्याच्यावर औषध योजण्यातील अडचणीचे मूळही तेथेच आहे.

अस्थि-अर्बुदातील बिघाड

कर्करोगाशी या रेणूंचा पहिला निश्चित संबंध २००२ साली रक्ताच्या एका कर्करोगात दिसला. तेथे तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा पुष्कळदा गळलेला असतो त्यात मिर-१५ए व मिर-१६ या दोहोंची जनुके होती. ऑस्टिओसार्कोमात चित्र इतके सुटसुटीत नाही. या अर्बुदाची गुणसूत्रे विलक्षण विस्कळीत असतात. काही ठिकाणी तर गुणसूत्राचे एकदम तुकडे होऊन ते वेडेवाकडे सांधले गेल्याचे आढळते. अशा पसाऱ्यात मूळ बिघाड कोणता व नंतरची पडझड कोणती हे ओळखणे दुष्कर होते. तथापि एक गोष्ट जवळजवळ सर्वत्र सापडते, ती म्हणजे पी-५३ या रक्षक प्रथिनाचा लोप किंवा दुबळेपणा.

पी-५३ च्या आज्ञेने जे रेणू तयार होतात त्यांत मिर-३४ए हा एक आहे, हे २००७ साली अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखविले. पेशीच्या डीएनएस इजा झाली की पी-५३ जागृत होते, मिर-३४ए चे प्रमाण वाढते, आणि तो पेशीविभाजनास पुढे रेटणाऱ्या सीडीके-६ व ई२एफ-३, पेशीच्या मरणास अटकाव करणाऱ्या बीसीएल-२ आणि पेशीस हालचालीस प्रवृत्त करणाऱ्या मेट या प्रथिनांच्या संदेशांस दाबतो. यावरून मिर-३४ए हा पी-५३ चा हस्तक म्हणावयास हरकत नाही. ऑस्टिओसार्कोमात धनीच नाहीसा झालेला असल्याने हस्तकाचे काम मंदावते, हे ओघानेच आले. शिवाय काही अर्बुदांत मिर-३४ए च्या जनुकाच्या प्रारंभीच मेथिल गट चिकटून ते बंद पडलेले दिसते. म्हणजे पी-५३ शाबूत असले तरी त्याची आज्ञा तेथे पोहोचत नाही. एकच यंत्रणा दोन निरनिराळ्या ठिकाणी तोडली गेल्याचे आढळावे, यावरून तिचे महत्त्व कळून येते.

याच्या उलट दिशेचे उदाहरण मिर-१७-९२ या समूहाचे आहे. तेराव्या गुणसूत्रावर एकाच ओळीत असलेले सहा सूक्ष्म आरएनए या समूहात एकत्र निर्माण होतात, आणि मिक हे वाढीस उत्तेजन देणारे प्रथिन त्यांची निर्मिती वाढविते. ते पेशीमृत्यूस विरोध करतात. ऑस्टिओसार्कोमात हा समूह पुष्कळदा वाढलेला असतो. त्याचे कारण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली एका अनपेक्षित ठिकाणी दाखविले. चौदाव्या गुणसूत्रावर १४क्यू३२ या भागात सूक्ष्म आरएनएंचा एक मोठा समुदाय आहे आणि ऑस्टिओसार्कोमात तो साराच्या सारा मंदावलेला असतो. त्यांतील काही रेणू निरोगी पेशीत मिकच्या संदेशास आवर घालतात. ते मंदावले की मिक टिकून राहते, आणि मिक टिकले की मिर-१७-९२ वाढते. एका गुणसूत्रावरील शांतता अशा रीतीने दुसऱ्या गुणसूत्रावरील कोलाहलास कारण होते.

या निष्कर्षास पुष्टी मिळाली ती कुत्र्यांकडून. मोठ्या चणीच्या कुत्र्यांना ऑस्टिओसार्कोमा मनुष्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात होतो, त्यांच्या पायांच्या हाडांतच होतो, आणि फुप्फुसातच पसरतो. त्यांच्या गुणसूत्रावरील समतुल्य भागातील हेच रेणू त्यांच्या अर्बुदांतही मंदावलेले आढळले, आणि ज्या अर्बुदांत ते अधिक मंदावलेले होते त्यांचा शेवट अधिक वाईट झाला. दोन भिन्न प्राण्यांत, दोन भिन्न रीतींनी विस्कटलेल्या गुणसूत्रांत एकच खूण शिल्लक राहते, तेव्हा तिला योगायोग म्हणणे कठीण जाते. विरळ रोगाच्या अभ्यासात रुग्णसंख्येची जी वाण भासते ती पशुवैद्यकाच्या साहाय्याने काही अंशी भरून निघू शकेल, असे यावरून वाटते. आपल्याकडील पशुवैद्यक महाविद्यालयांनी या दिशेने विचार करावयास हरकत नाही.

प्रक्षेपाचा मार्ग

वाढ आणि प्रक्षेप यांत भेद केला पाहिजे. पुष्कळ वाढलेले अर्बुद स्थानबद्ध राहू शकते आणि लहानसे अर्बुद दूरवर बीजे पेरू शकते. प्रक्षेपासाठी पेशीने शेजारचे बंध तोडावे लागतात, सभोवतीच्या तंतुमय जाळीतून वाट काढावी लागते, रक्तवाहिनीत शिरून प्रवाहातील आघात सोसावे लागतात आणि शेवटी फुप्फुसाच्या परक्या भूमीत रुजावे लागते. यातील जाळी तोडण्याच्या टप्प्यावर सूक्ष्म आरएनएंचा हात सर्वांत स्पष्ट दिसून आला आहे. जाळी कापणारी विकरे, म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, ही येथील हत्यारे होत. रेक नावाचे एक प्रथिन त्यांस म्यानात ठेवते. ऑस्टिओसार्कोमात वाढलेला मिर-२१ रेकच्या संदेशास दाबतो, आणि हत्यारे म्यानाबाहेर येतात.

मिर-१४३ ची कथा अधिक बोधप्रद आहे. ऑस्टिओसार्कोमाच्या एचओएस या पेशीवंशात प्रक्षेपाची शक्ती अल्प असते. त्याच्यापासून काढलेल्या १४३बी या वंशाच्या पेशी मात्र उंदरांच्या फुप्फुसात झपाट्याने पसरतात. जपानी संशोधकांनी या सख्ख्या भावंडांतील सूक्ष्म आरएनए ताडून पाहिले, तेव्हा पसरणाऱ्या वंशात मिर-१४३ फार घटलेला दिसला. (दोन्ही नावांतील १४३ हा आकडा निव्वळ योगायोगाचा आहे; नवागतांचा येथे हटकून गोंधळ उडतो.) उंदरांना शिरेतून मिर-१४३ पुरविला असता फुप्फुसातील प्रक्षेप कमी झाले. त्याचे एक लक्ष्य एमएमपी-१३ हे जाळी तोडणारे विकरच निघाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाचे महत्त्व असे की, त्यात केवळ सहसंबंध सांगून न थांबता रेणू परत दिल्यास वर्तन बदलते हेही तपासले होते. या विषयावरील पुष्कळशा निबंधांत ही दुसरी पायरी आढळत नाही.

अस्थीचे दुसरे अर्बुद, युइंगचा मांसकर्क, याचा उल्लेख येथे ओझरताच करावयाचा. त्याच्या मुळाशी दोन जनुकांच्या सांध्यातून जन्मलेले ईडब्ल्यूएस-एफएलआय-१ हे एकच विकृत प्रथिन असते. ते लेट-७ए आणि मिर-१४५ या दोहोंस दडपते. आणि मिर-१४५ स्वतः त्या विकृत प्रथिनाच्या संदेशास दाबणारा असल्यामुळे दोघे एकमेकांचे वैरी ठरतात. ज्याचा प्रथम वरचष्मा होईल तो दुसऱ्यास उठू देत नाही.

पुराव्याची तपासणी

येथवरचे वर्णन वाचून विषय बराचसा सुटला आहे, अशी समजूत होण्याचा संभव आहे. ती वेळीच दूर केलेली बरी. ऑस्टिओसार्कोमात वाढलेले वा घटलेले म्हणून ज्या सूक्ष्म आरएनएंची नावे आतापर्यंत छापली गेली त्यांची यादी शेकड्यांत जाते. निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर त्यांत समान नावे थोडीच सापडतात. त्याची कारणे तीन-चार आहेत आणि ती संशोधनास नव्याने हात घालणाऱ्यांनी नीट समजून घेतली पाहिजेत.

घटलेले किंवा वाढलेले, परंतु कशाच्या तुलनेत? यकृताच्या अर्बुदाची तुलना शेजारच्या निरोगी यकृताशी करता येते. अस्थीत मात्र निरोगी भाग म्हणजे मुख्यतः खनिज, थोड्या स्थिर अस्थिपेशी आणि मज्जा. मज्जा तर रक्ताची जननी. तिचे सूक्ष्म आरएनए अगदीच वेगळ्या जातीचे. म्हणून कोणी प्रयोगशाळेत वाढविलेल्या अस्थिजनक पेशी तुलनेस घेतो, कोणी मूलपेशी, तर कोणी सबंध हाड. तराजूचे दुसरे पारडेच प्रत्येकाचे निराळे असल्यावर वजने जुळावीत कशी?

दुसरी अडचण पेशीवंशांची. यू-२-ओएस हा वंश १९६४ साली पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या, साओस-२ हा १९७३ साली अकरा वर्षांच्या एका मुलीच्या, तर एमजी-६३ हा चौदा वर्षांच्या एका मुलाच्या अर्बुदापासून तयार झाला. जगातील ऑस्टिओसार्कोमाविषयीचे ज्ञान पुष्कळ अंशी या तीन-चार मुलांच्या पेशींवर उभे आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्यातही यू-२-ओएसमध्ये पी-५३ शाबूत आहे आणि साओस-२ मध्ये ते मुळीच नाही. मिर-३४ए वरील एखादा प्रयोग एका वंशात यशस्वी व दुसऱ्यात अयशस्वी ठरल्यास त्यात नवल नाही; नवल आहे ते असे प्रयोग एकाच वंशावर करून सर्वसामान्य सिद्धांत मांडण्याचे.

आणि संख्याशास्त्र. मनुष्यात सूक्ष्म आरएनएंचे सुमारे दोन हजार निरनिराळे क्रम नोंदले गेले आहेत. तीस रुग्णांच्या अर्बुदांत दोन हजार रेणू मोजले तर शंभरास पाच या नेहमीच्या कसोटीने, प्रत्यक्षात काहीच भेद नसतानाही, शंभर रेणू ‘अर्थपूर्ण’ ठरतील. दुरुस्तीच्या रीती उपलब्ध आहेत. परंतु दुरुस्ती दुसऱ्या स्वतंत्र रुग्णगटातील पडताळ्याची जागा घेऊ शकत नाही.

रक्तातील सूक्ष्म आरएनएंविषयी अपेक्षा मोठी आहे. हे रेणू प्रथिनांच्या वा सूक्ष्म पुटिकांच्या आश्रयाने रक्तद्रवात टिकून राहतात, म्हणून रक्ताच्या एका नमुन्यावरून लपलेला प्रक्षेप ओळखता येईल, ही आशा स्वाभाविकच आहे. तथापि रक्त काढताना किंवा नेताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी मिर-१६, मिर-४५१ व मिर-४८६ यांचा पूर त्यात मिसळतो आणि मापन बिघडते. मे महिन्यातील वऱ्हाडच्या उन्हात मोटारीतून प्रवास केलेल्या नळीची स्थिती काय असेल, याची कल्पना करावी. आजमितीस ऑस्टिओसार्कोमाचे निदान, वर्गीकरण वा उपचार ठरविण्यासाठी कोणत्याही सूक्ष्म आरएनएची चाचणी नित्याच्या व्यवहारात आलेली नाही.

औषध म्हणून या रेणूंचा वापर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मिर-३४ए चाच होता. त्याची कृत्रिम प्रत स्निग्ध पुटिकांत भरून, एमआरएक्स-३४ या नावाने, २०१३ पासून यकृताच्या व इतर घन अर्बुदांच्या रुग्णांस देण्यात आली. काही रुग्णांत अर्बुद आकसले. परंतु काहींत प्रतिकारयंत्रणेच्या तीव्र प्रतिक्रिया उद्भवल्या, मृत्यूही झाले, आणि २०१६ साली हा प्रयोग थांबविण्यात आला. दोष रेणूचा होता की त्याच्या वाहनाचा, हा प्रश्न अद्याप चर्चेत आहे. शेकडो वाती एकदम खाली करणाऱ्या रेणूस सर्व शरीरभर धाडले तर कोणकोणत्या खोल्यांत अंधार होईल हे आधी सांगता येत नाही, एवढे मात्र त्यावरून स्पष्ट झाले.

पॅराफिनची वडी आणि आम्लाचे भांडे

या विषयातील महाराष्ट्राचे कार्य कोठे बसते, हे आता पाहता येईल. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. त्यांच्याच पुढाकाराने १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खारघर येथील आजची ॲक्ट्रेक ही संस्था त्याच परंपरेतील होय. ऑस्टिओसार्कोमाच्या उपचारांत टाटा रुग्णालयाने आपल्या परिस्थितीचा विचार करून स्वतःचा मार्ग काढला. पाश्चात्त्य पद्धतीत मिथोट्रेक्सेट हे औषध फार मोठ्या मात्रेत देतात, आणि त्यासाठी रक्तातील औषधाचे प्रमाण वारंवार मोजावे लागते. ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन व आयफोस्फामाइड या तिहींपैकी दोन-दोन औषधे आलटून-पालटून देण्याची ओजीएस-१२ ही पद्धत तेथे अमलात आली. अवयव न कापता अर्बुद काढण्याच्या शस्त्रक्रियेतही, रोगट हाडाचा तुकडा बाहेर काढून त्यावर किरणोत्सर्गाचा मारा करावयाचा व तोच परत बसवावयाचा, ही महागड्या कृत्रिम सांध्याचा खर्च वाचविणारी रीत तेथे वापरली गेली आहे.

सूक्ष्म आरएनएंच्या संदर्भात ॲक्ट्रेकमधील डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेचे काम विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ते अस्थीवर नसून मेंदूच्या मेड्युलोब्लास्टोमा या बालवयातील अर्बुदावर आहे. तरीही त्याचा धडा अस्थींस लागू पडतो. या अर्बुदाचे चार उपप्रकार काही जनुकांच्या व काही सूक्ष्म आरएनएंच्या मापनावरून ओळखता येतात, आणि ते मापन ताज्या, गोठविलेल्या ऊतीवरच नव्हे, तर फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पॅराफिनच्या वडीत बसविलेल्या ऊतीवरही करता येते, असे त्यांनी २०१३ साली दाखविले. हजारो घटकांचा संदेशवाहक आरएनए अशा वडीत तुकडे-तुकडे होतो. बावीस घटकांचा सूक्ष्म आरएनए मुळातच तुकडा असल्यामुळे आणि प्रथिनाच्या कुशीत बसलेला असल्यामुळे पुष्कळसा शाबूत राहतो. गोठविलेली ऊती अंजनगावाहून मुंबईस नेणे जवळजवळ अशक्य. पॅराफिनची वडी मात्र साध्या टपालाने जाते, आणि दहा वर्षे कपाटात पडून राहिली तरी उपयोगी पडते. विरळ रोगाचा पडताळा पाहण्यास लागणारे रुग्ण एका शहरात मिळत नाहीत. अकोला, अमरावती, नागपूर, वर्धा येथील कपाटांत पडून असलेल्या वड्या एकत्र केल्या तर मिळू शकतात.

परंतु मेंदूच्या ऊतीपुढे नसलेला एक अडथळा अस्थीपुढे आहे. हाड कापता येण्याजोगे मऊ करण्यासाठी त्यातील खनिज विरघळवावे लागते. हे काम घाईने व्हावे म्हणून बहुतेक ठिकाणी नमुना नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखालील चित्र त्याने फारसे बिघडत नाही, म्हणून निदान करणाऱ्यास त्याचे काही वाटत नाही. केंद्रकाम्लांची मात्र त्यात वाताहत होते, आणि आखूड रेणूही त्यातून सुटत नाहीत. ईडीटीए या द्रावणात खनिज सावकाश, दिवसच्या दिवस घेऊन, विरघळते, पण आरएनए व डीएनए वाचतात. निदानाचा अहवाल तातडीने हवा असताना आठवडाभर थांबणे कोणासच परवडणारे नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर एक साधा तोडगा आहे. ऑस्टिओसार्कोमाच्या नमुन्यात खनिज न झालेला, नखाने दाबला जाणारा मऊ भाग बहुधा असतोच. नमुना हाती येताच तेवढा भाग वेगळा काढून, तटस्थ फॉर्मॅलिनमध्ये एखादा दिवस ठेवून, आम्लाचा स्पर्श न होऊ देता स्वतंत्र वडीत बसवावा, त्या वडीवर तशी खूण करावी, आणि उरलेला कठीण भाग खुशाल आम्लात जाऊ द्यावा. याला दहा मिनिटे आणि एक जादा डबी एवढेच लागते. अशा खूण केलेल्या वड्या ज्या विभागांत साठतील, त्यांच्याच रुग्णांची गणना पुढील कोणत्याही पडताळ्यात होऊ शकेल.